चंद्राच्या उजेडात मोजलेलं गाव

आपल्या ठाण्यातल्या नौपाड्याची गोष्ट चंद्रापासून सुरू होते, पोरांनो. आज गोखले रोडवर उभं राहून वर पाहिलं तर इमारतींच्या मधून आभाळाची एक पट्टी तेवढी दिसते, आणि चंद्र त्या पट्टीतून थोड्याच वेळात निघून जातो. पण घंटाळीपासून पाचपाखाडीपर्यंत भातखाचरं होती, तेव्हा पारसिकच्या डोंगरामागून वर आलेला चंद्र येऊरच्या डोंगराआड जाईपर्यंत दिसायचा. नुसता दिसायचा नाही, गावाचं वेळापत्रकही तोच ठरवायचा. शेतकऱ्याचं, कोळ्याचं आणि मीठ पिकवणाऱ्या आगऱ्याचं काम त्याच्या तिथीवर चालायचं. माणसं मोजायची वेळ आली तेव्हा इंग्रज सरकारलासुद्धा त्याचीच तिथी पाहावी लागली. ती गंमत पुढे सांगतो.

आधी जमीन कशी झाली ते ऐका. येऊरचा आणि पारसिकचा काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून वाहिलेला लाव्हा. तो थंड झाला, त्याचे थरांवर थर बसले आणि पावसानं ते झिजवायला सुरुवात केली. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत कोसळतो. डोंगराची माती ओढ्यांतून खाली येते, उतार संपतो तिथं पाणी मंदावतं आणि माती खाली बसते. नौपाडा या मधल्या पट्ट्यात आहे. वर डोंगर, खाली खाडी. पाणी साठेल तिथं तळी झाली. मासुंदा आणि कचराळी तुम्ही रोज पाहता. ठाण्यात अशी साठावर तळी होती असं जुनी माणसं सांगत. आता पस्तीसच्या आसपास उरली आहेत.

पाणी तुंबणाऱ्या अशा जमिनीत भातच का लावायचा? कारण बहुतेक झाडं पाण्यात बुडाली की गुदमरतात. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो आणि चिखलात हवा नसते. भाताच्या खोडात आणि मुळांत बारीक पोकळ नळ्या असतात. पानांनी घेतलेली हवा त्या नळ्यांतून थेट मुळाच्या टोकापर्यंत जाते. घोटाभर पाण्यात तण मरतं आणि भात मजेत वाढतो. म्हणून आपले शेतकरी उन्हाळ्यात राब भाजायचे (रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायचे), पहिल्या पावसात रोपं करायचे आणि मग चिखल करून गुडघाभर चिखलात लावणी करायचे.

हे झालं गोड्या जमिनीचं. खाडीच्या अंगाला, कोपरीकडे आणि कळव्याकडे, खारी जमीन होती. खरं नवल तिथं आहे, आणि तिथंच चंद्र येतो.

समुद्र चंद्राच्या ओढीनं दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, हे तुम्ही शाळेत शिकलात. पण भरती रोज त्याच वेळेला का येत नाही? पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते तेवढ्या वेळात चंद्र आपल्या वाटेवर थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला पुन्हा गाठायला पृथ्वीला सुमारे पन्नास मिनिटं जास्त लागतात. म्हणून भरती रोज जवळजवळ पाऊण तास उशिरा येते. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांनी यातून साधं गणित काढलं: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला. सकाळी एकदा आणि रात्री पुन्हा एकदा. ज्यांच्या घरात घड्याळ नव्हतं, त्यांनी हे गणित पिढ्यान्‌पिढ्या चालवलं. शाळेत न गेलेला माणूस आभाळाकडे बघून भरतीची वेळ सांगायचा. याचं मला आजही अप्रूप वाटतं.

अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण येतं. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. अष्टमीच्या सुमाराला दोघांची ओढ आडवी पडते आणि पाणी बेताचं चढतं. त्याला कोळी भांग म्हणतात. ठाण्याला हे पाणी दोन वाटांनी येतं, एक मुंबई बंदराकडून आणि दुसरी उल्हास नदीच्या मुखाकडून. भरतीबरोबर गाळ येतो, पाणी थबकतं, गाळ बसतो. त्या गाळात तिवरं उगवतात. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर डोकावतात आणि हवा घेतात, आणि पानं जादा मीठ बाहेर टाकतात. उन्हात त्या पानावर बोट फिरवलं तर मीठ लागतं.

अशा जमिनीत माणसानं भात पिकवायचं ठरवलं. त्यानं काय केलं? मातीचा लांब बांध घातला आणि त्यात एक दार ठेवलं. त्याला उघाडी म्हणतात. भरतीला ते बंद, ओहोटीला उघडं. खारं पाणी आत येत नाही आणि पावसाचं पाणी मीठ घेऊन बाहेर जातं. एकदोन पावसाळे जमीन अशी धुतली की भाताजोगी होते. पण मीठ पुरतं जात नाही, खाली दबा धरून बसतं. पाऊस संपून ऊन तापलं की मातीतल्या बारीक छिद्रांतून ते पाण्याबरोबर वर चढतं, दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं. पाणी उडून जातं आणि जमिनीवर पांढरा थर उरतो. म्हणून खाऱ्या शेतात नांगर घालत नसत. नांगरलं की खालचं मीठ वर येतं. बी भिजवून, मोड आणून, तसंच चिखलावर फेकायचे. मोड आलेल्या या बियाण्याला रहू म्हणतात. वाण निवडायचे तेही मिठाला दाद न देणारे, लाल दाण्याचे: काळा राता, भुरा राता. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं पनवेल १, २, ३ असे सुधारित वाण काढले. पण मिठात तगणारं भात असतं, हा शोध आधी शेतकऱ्यांनीच लावला होता.

आणि जिथं भात अगदीच होत नसे, तिथं मीठच पिकवलं. उधाणाचं पाणी आत घ्यायचं आणि उथळ वाफ्यांतून फिरवत आटवायचं. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. पाणी आटून दहाव्या हिश्श्यावर आलं की मिठाचे चौकोनी खडे पडायला लागतात. पाऊस आला की मिठागर बंद आणि भात सुरू. एकाच घरातली माणसं उन्हाळ्यात सूर्यावर जगायची आणि पावसाळ्यात ढगांवर.

आता माणसांकडे येतो. ठाणं फार जुनं. शिलाहारांच्या काळात त्याला श्रीस्थानक म्हणत. पुढे पोर्तुगीज आले. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांनी. पण एवढे राजे होऊनही देशातली सगळी माणसं एकाच रात्री कुणी मोजली नव्हती. हिंदुस्थानभर एकाच वेळी पहिली शिरगणती झाली ती १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री. तेव्हापासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी होत आली.

रात्रीच का? दिवसा माणूस शेतावर, बाजारात, होडीत. एकाच माणसाची दोनदा मोजणी व्हायची किंवा एकदाही नाही. रात्री तो घरी असतो. आधीचे काही आठवडे तलाठी आणि शाळामास्तर घरांवर आकडे रंगवत, घरातल्या माणसांची नोंद करून ठेवत. मग ठरलेल्या रात्री दारोदार फिरून नोंद ताजी करत. कुणी वारला असेल तर नाव काटायचं, पाहुणा आला असेल किंवा बाळ जन्मलं असेल तर लिहायचं. गाडीतले आणि होडीतले प्रवासीसुद्धा सुटत नसत. पण विजेचे दिवे नव्हते आणि बांधावरून चालायचं होतं. उजेड कुठून आणणार?

आता या तारखा बघा. १ मार्च १९०१, १० मार्च १९११, १८ मार्च १९२१, २६ फेब्रुवारी १९३१. पंचांगाशी जुळवून पाहिलं तर चारही रात्री फाल्गुनातल्या पौर्णिमेच्या चार ते सहा दिवस आधीच्या निघतात. त्या दिवसांत संध्याकाळ होते तेव्हाच चंद्र आभाळात चांगला वर आलेला असतो आणि मध्यरात्र उलटेपर्यंत उजेड देतो. पहिल्या दोन मोजण्या, १८८१ आणि १८९१ च्या, पौर्णिमेनंतर तीन दिवसांनी झाल्या होत्या. त्या तिथीला चंद्र अंधार पडून बराच वेळ गेल्यावर उगवतो. आणखी एक पाहा. फाल्गुनातली पौर्णिमा म्हणजे आपला शिमगा. सगळा गाव होळीभोवती जमायच्या आत मोजणी उरकलेली असायची. १ मार्च १९०१ ची रात्र एकादशीच्या आसपासची. आपल्या पाऊणपटीच्या गणितानं बघितलं तर मास्तर कोपरीच्या किंवा चेंदणीच्या कोळीवाड्यात दारं वाजवत होते, तेव्हा खाडी भरत आली असणार.

त्या रात्री ठाणे शहरात माणसं निघाली १६,०११. आज नौपाड्यातल्या काही गल्ल्या एकत्र केल्या तरी तेवढी होतील.

हा आकडा एवढा लहान का होता? १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत खुद्द मुंबईची वस्ती ८,२१,७६४ वरून ७,७६,००६ वर उतरली. त्यातच छप्पन्नाचा, म्हणजे संवत १९५६ चा, दुष्काळ. पुढेही हाल थांबले नाहीत. १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाची साथ आली आणि १९११ ते १९२१ या दशकात अख्ख्या देशाची लोकसंख्या घटली. विसाव्या शतकात असं दुसऱ्या कुठल्याही दशकात झालं नाही. त्या काळी देशातलं सरासरी आयुष्य पंचवीस वर्षांचंही नव्हतं. याचा अर्थ माणसं पंचविशीत म्हातारी होत असा नाही. पाळण्यातली बाळं इतकी जायची की सरासरी खाली ओढली जायची. माझ्या आजीच्या पिढीतल्या बायका मुलं किती झाली आणि त्यातली जगली किती, हे दोन वेगळे आकडे सांगत. मला ते ऐकताना लहानपणी काही वाटत नसे. आता वाटतं.

मग देवीची लस घरोघर पोचली, पाणी स्वच्छ झालं, औषधं आली आणि मुलं जगू लागली. पण ठाणं नुसत्या जन्मांनी वाढलं नाही. त्याला आगगाडीनं वाढवलं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी इथंच येऊन थांबली होती. पुढची कित्येक वर्षं तरी खाचरं खाचरंच राहिली. मुंबईत जागा पुरेना तसे चाकरमाने ठाण्याला बिऱ्हाड करू लागले. नौपाड्यात वाडे, बैठ्या चाळी, बंगले उठले. मुलं आली तशा शाळा आल्या. विद्या प्रसारक मंडळ १९३५ चं. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, वागळे इस्टेट उभी राहिली आणि कारखान्यांच्या भोंग्यांनी दिवसाची वेळ सांगायला सुरुवात केली. १९८२ मध्ये आसपासची गावं घेऊन महानगरपालिका झाली. २०११ च्या मोजणीत ठाणे शहर १८,४१,४८८.

सोळा हजारांची दुप्पट करा, बत्तीस. पुन्हा चौसष्ट. अशी सात वेळा केली की वीस लाखांच्या वर जाता. म्हणजे एकशेदहा वर्षांत गाव जवळजवळ सात वेळा दुप्पट झालं. हद्द वाढली हे त्यात धरायलाच हवं, तरी वाढ थक्क करणारीच.

खाचरं बुजली, पण उतार तोच राहिला. पावसाळ्यात वंदना टॉकीजपाशी पाणी का तुंबतं, हे तुम्ही विचारता ना? डोंगराचं पाणी आजही खाडीकडेच निघतं. मोठा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की नाल्यांचं पाणी खाडीत शिरू शकत नाही, उलट फिरतं. पूर्वी ते खाचरात आणि तळ्यात विसावायचं. म्हणून उरलेली तळी आणि खाडीकाठची तिवरं राखणं ही हौस नाही, ती आपली गरज आहे. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगानं जपायच्या पाणथळ जागांत, स्थान मिळालं ते योग्यच झालं. हिवाळ्यात तिथं हजारो रोहित पक्षी उतरतात ते त्या गाळातल्या शेवाळावर आणि बारीक जीवांवर. त्यांचा गुलाबी रंगसुद्धा त्याच खाण्यातून येतो.

२०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. आता ती १ मार्च २०२७ हा दिवस धरून ठरली आहे. मोजणारे दारात आले की त्यांना आत बोलवा, पाणी द्या आणि घरातलं तान्हं बाळ धरून एकूण एक माणूस नीट सांगा.