मार्केट यार्डाखालच्या मेट्रोचा खर्च किती?

मार्केट यार्डाच्या पोटातून जाणाऱ्या स्वारगेट–कात्रज भुयारी मेट्रोला केंद्राने ऑगस्ट २०२४मध्ये मंजुरी दिली, तेव्हा ५.४६ किलोमीटरचा खर्च २,९५४.५३ कोटी रुपये धरला होता. पुढच्याच वर्षी बिबवेवाडी आणि बालाजीनगर या वाढीव स्थानकांसह बदललेल्या कामासाठी राज्य सरकारने आणखी ६८३.११ कोटींना मान्यता दिली.

हे दुखणे पुण्यापुरते नाही. बेंट फ्लिव्हबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये २५८ वाहतूक प्रकल्प तपासले, तेव्हा दहापैकी नऊ प्रकल्पांचा खर्च अंदाजापेक्षा जास्त निघाला. रेल्वेचा तर सरासरी ४५ टक्के!

अभियंता खोदाई, काँक्रीट, पोलाद यांची मोजमापे काढून दरसूचीतील भावाने गुणतो. कृत्रिम बुद्धिमत्ता पूर्ण झालेल्या कामांतून शिकते: बोगद्याची खोली, खडक, लागलेला काळ आणि शेवटी झालेला खर्च. त्यावरून ती एकच आकडा न देता ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा पट्टा सांगू शकते. मात्र अंतिम बिलांऐवजी मंजुरीच्या वेळचे आकडे शिकवले, तर जुनाच कमी अंदाज ती झटपट काढून देईल, एवढेच. स्थानके किती, हेही तिला आधी कुणीतरी सांगावे लागते.

मार्केट यार्डासाठी उत्तम धडा जवळच आहे. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग सप्टेंबर २०२४मध्ये सुरू झाला. तोही पुण्याच्याच काळ्या पाषाणातून खोदलेला आहे आणि त्याचा खर्च आता अंदाजाचा राहिलेला नाही.