ब्रेस्ट कॅन्सर झाला म्हणजे स्तन काढावाच लागतो का?

स्तनात गाठ हाताला लागते, पण अनेक जणी महिनोन्‌महिने घरात कुणाला सांगत नाहीत. कॅन्सरची भीती असते आणि ‘आता स्तन काढून टाकतील’ ही भीतीही असते. या उशिरामुळे उपचार अवघड होतात. खरं तर स्तनाची शस्त्रक्रिया आता पूर्वीसारखी राहिलेली नाही.

पूर्वी काय व्हायचं?

१८८२ मध्ये अमेरिकन सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी पूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी असं सगळंच काढायला सुरुवात केली. जितकं जास्त काढू तितका कॅन्सर लांब राहील, असा समज होता. पुढची अनेक दशकं हीच पद्धत चालली.

मग काय बदललं?

१९७० च्या दशकात अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी मोठ्या चाचण्या सुरू केल्या. काही महिलांचा पूर्ण स्तन काढला, तर काहींचा फक्त गाठीचा भाग काढून रेडिएशन दिलं. २० वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. दोन्ही गटांत जगण्याचं प्रमाण सारखंच होतं!

म्हणजे गाठ लवकर सापडली, तर बहुतेक वेळा स्तन वाचवता येतो. गाठ मोठी असेल, तर काही रुग्णांमध्ये आधी केमोथेरपी देऊन ती लहान करता येते. मात्र स्तन वाचवला तर त्यानंतरचं रेडिएशन सहसा टाळता येत नाही.

आकार बिघडत नाही का?

यासाठी ‘ऑन्कोप्लास्टी’ केली जाते. गाठ काढल्यावर उरलेला भाग त्याच ऑपरेशनमध्ये सरकवून स्तनाला आकार दिला जातो.

काखेतल्या सगळ्या ग्रंथीही आता सरसकट काढत नाहीत. रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून कॅन्सर सर्वात आधी ज्यांत पोहोचू शकतो त्या ग्रंथी शोधतात. त्यात कॅन्सर नसेल, तर बाकीच्या तशाच ठेवतात. त्यामुळे हाताला कायमची सूज येण्याचा धोका कमी होतो.

पूर्ण स्तन काढावाच लागला तर?

तेव्हा पुनर्रचनेचे दोन मुख्य पर्याय असतात.

सिलिकॉन इम्प्लांट: ऑपरेशन तुलनेनं छोटं, पण इम्प्लांट पुढे बदलावं लागू शकतं. खरखरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटचा एका दुर्मीळ कॅन्सरशी संबंध आढळल्यानं २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं ती परत घ्यायला सांगितली होती.

स्वतःच्या शरीरातला भाग: ‘डीआयईपी फ्लॅप’मध्ये पोटाची त्वचा आणि चरबी घेतात, स्नायू जागेवरच राहतो. दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली छातीत जोडतात. ऑपरेशन अनेक तास चालतं.

दोन्हींत पूर्वीसारखी संवेदना बहुधा परत येत नाही. पुनर्रचना लगेच किंवा नंतरही करता येते, आणि ती करायलाच हवी असंही नाही. काही जणी ब्रामध्ये बसणारा कृत्रिम स्तन वापरतात.

विमा मिळतो का?

विमा नियामक ‘आयआरडीएआय’च्या २०१९ च्या नियमांनुसार सौंदर्यासाठीची प्लास्टिक सर्जरी विम्यातून वगळता येते, पण कॅन्सरनंतरची पुनर्रचना त्या वगळणुकीत येत नाही. तरी आपली पॉलिसी आधी तपासून घ्या.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना काय विचाराल?

स्तन वाचवता येईल का? नसेल, तर का? पुनर्रचना त्याच वेळी होईल का? प्लास्टिक सर्जनशी आधी बोलता येईल का?