पैठणीचा गाऊन बेतताना

रात्रीच्या समारंभात घालायचा पायघोळ गाऊन आणि साडी यांची घडणच वेगळी. गाऊनचा आकार कात्रीतून येतो, साडीचा निऱ्यांतून. म्हणून पैठणीवरून गाऊन करायचा तर कुठे कापायचं यापेक्षा कुठे कात्री लावायची नाही, हे आधी ठरवावं लागतं. माझं उत्तर सरळ आहे : काठ आणि पदर अखंड राहिले पाहिजेत.

भारतीय वस्त्र आणि गाऊन यांचा हा मेळ जुना आहे. १९०३च्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी कर्झन यांनी मोरपिसांचा जो गाऊन घातला, त्याचं कापड भारतीय कारागिरांनी जरीच्या तारेनं भरलं होतं आणि शिवण पॅरिसच्या वर्थ यांच्या पेढीत झाली. १९३५मध्ये फॅशन डिझायनर एल्सा श्यापारेल्ली यांनी कपूरथळ्याच्या राजघराण्यातल्या सीतादेवींच्या साड्या पाहून गाऊन काढले. लेडी कर्झन यांच्या गाऊनमध्ये मान नक्षीचा होता, श्यापारेल्लींच्या गाऊनमध्ये नेसण्याचा. पैठणीला दोन्ही द्यावे लागतात.

सुरुवात घेरापासून करावी. काठ सरळ विणलेला असतो आणि तो वळत नाही. खाली पसरत जाणाऱ्या कळ्यांच्या गाऊनची खालची कड गोल येते. तिथे काठ बसवायला गेलात की चुण्या पडतात, नाहीतर नारळी काठाचे नारळ जोडावर अर्धे तुटतात. यावर उपाय साडीतच आहे. साडीचे ताण्याचे धागे नेसल्यावर कमरेभोवती आडवे फिरतात आणि काठ आपोआप पायाशी येतो. गाऊनचं कापडही तसंच आडवं धरावं. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच असतो. मध्यम उंचीच्या बाईचं कमरेपासून जमिनीपर्यंतचं माप, उंच टाचांची चप्पल धरून, ४० ते ४२ इंच भरतं. म्हणजे खालचा काठ न दुमडता जमिनीलगत राहतो आणि वर उरलेली काठाची पट्टी गळ्याला किंवा कमरेला वापरता येते. माप मात्र त्या दिवशी घालायची चप्पल घालूनच घ्यावं.

आता निऱ्या. कमर ३० इंच आणि घेर १२० इंच धरला, तर ९० इंच कापड निऱ्यांत जिरवायचं. एका निरीत ५ इंच गेले तर १८ निऱ्या होतात. साडीसारख्या सगळ्या पुढे घेतल्या तर जरीच्या जाडीनं पोट फुगलेलं दिसतं. पुढे मोजक्या ठेवून बाकीच्या मागे घ्याव्यात. चालताना मागचा घेर उघडतो ते दिसतंही देखणं. साडेपाच मीटरच्या साडीतून घेराला तीन मीटर गेले, चोळीला मीटरभर, की पदरासह जवळजवळ दीड मीटर खांद्यासाठी उरतं.

पदराला मी अस्तर लावू देणार नाही. हातमागाच्या पैठणीत पदरावरचे मोर, मुनिया, आसावली वेगवेगळ्या रंगांच्या बाण्यांनी एकमेकांत अडकवून विणतात, त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. पदर मोकळा सोडला आणि वाऱ्यानं उलटला तरी लपवावं असं काही नसतं. डाव्या खांद्यावर तो हुकांनी अडकवावा. जेवताना, नाचताना काढून ठेवता येतो आणि पुढे कधी दुसऱ्या पोशाखावरही चालतो.

चोळीचं काम सगळ्यात नाजूक. जरीचं रेशीम ताणलं जात नाही, आणि उरेब कापलं तर रेशीम एकीकडे ओढतं, जर दुसरीकडे. म्हणून आत घट्ट सुती कापडाची वेगळी चोळी करतात, तिच्या शिवणींत ताठ काड्या (बोन) घालतात आणि कमरेला आतून न ताणणारी पट्टी लावतात. तिचे हूक गाऊनच्या चेनच्या आधी लावायचे. घेराचं सगळं वजन ही पट्टी कमरेवर पेलते. ती नसेल तर गाऊन रात्रभर वर ओढत बसावं लागतं. रेशमातून सुई काढली तरी भोक राहतं, म्हणून फिटिंगचे सगळे प्रयोग आधी मांजरपाटावर करावेत. तो नमुना घालून बसून पाहावं, जिना चढावा, हात वर करावेत. शिवणीत माया भरपूर ठेवावी.

रंग निवडताना दिव्यांचा विचार करावा. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असलेलं धूपछाव रेशीम हलत्या अंगावर रंग बदलतं, आणि संध्याकाळच्या उजेडात त्याच्याइतकं सुंदर काही नाही. पण एक तुकडा उभा आणि दुसरा आडवा कापला, तर एकाच कापडाच्या दोन छटा दिसतात. कापण्याआधी प्रत्येक तुकड्यावर खडूनं बाण काढावा.

इस्त्री उलट बाजूनं, वर सुती फडकं टाकून, बेताच्या गरमीवर करावी. गाऊन हँगरला टांगू नये. वजनानं खांद्याची शिवण ओढली जाते. मलमलमध्ये गुंडाळून आडवा ठेवावा आणि घड्या अधूनमधून बदलाव्यात.

आजीची धडधाकट पैठणी यासाठी कापू नका. घड्यांवर विरून गेलेली असेल, तर तिचे शाबूत काठ-पदर नव्या रेशमावर जरूर लावा. नाहीतर येवल्याच्या किंवा पैठणच्या विणकराकडे हवं ते माप आणि काठाची रुंदी सांगून कापड विणून घ्या, आणि त्याला वेळ द्या. भरगच्च पदराला कित्येक महिने लागतात, म्हणून समारंभाची तारीख ठरली की पहिला फोन शिंप्याला नाही, विणकराला करा.