काळ्या मातीत रडारची कसोटी

वर्ध्याजवळ पवनारला धाम नदीकाठच्या विनोबांच्या आश्रमात भरत-राम भेटीचं वाकाटककालीन शिल्प आहे. ते शोधायला कुठलंही यंत्र आलं नव्हतं. आश्रमाच्या शेतात खणताना ते वर आलं. जमिनीखालचा वेध घेणारं रडार घेऊन हिंडणाऱ्या आमच्यासारख्यांना या किश्शाचं फार अप्रूप, कारण वर्ध्याची काळी माती यंत्राला सहजासहजी दाद देत नाही.

काम दिसायला सोपं. दोऱ्या ताणून अर्ध्या-अर्ध्या मीटरवर रेघा आखायच्या आणि अँटेना जमिनीलगत ओढत न्यायचा. त्याच्या रेडिओलहरी जिथे मातीत दगड, वीट किंवा पोकळी लागते तिथून काही अंशी परततात. पुरलेला दगड पडद्यावर कमानीसारखा उमटतो. अँटेना जवळ येईल तशी लहर लवकर परतते, पुढे सरकला की पुन्हा उशिरा. खरी मेख खोलीत आहे. २० नॅनोसेकंदांनी परतलेली लहर कोरड्या मातीत साधारण १ मीटर खोली सांगते, ओल्या चिकणमातीत जेमतेम ६० सेंटीमीटर.

काळी माती ओल धरून ठेवते आणि लहरी वाटेतच गिळते. उन्हाळ्यात वाळली की भेगाळते, मग भेगाही पडद्यावर उमटतात. कापूस निघालेल्या शेतात पऱ्हाटीच्या खुंटांवर अँटेना उचलला जातो आणि ती रेघ वाया जाते. विजेच्या खांबावरून हवेतून परतलेली लहर तर खोलवरच्या भिंतीचा आभास देते. म्हणून खांब, झाडं, काटेरी तारा आधी वहीत टिपायच्या.

एवढ्यात बांधावर गर्दी जमलेली असते. "धन लागलं का जी?" हा प्रश्न ठरलेला. रडारला सोनं ओळखता येत नाही, मातीतला फरक तेवढा कळतो, हे तिथल्या तिथे समजावून सांगावंच लागतं. नाहीतर रात्री कुणी कुदळ घेऊन यायचा आणि दीड हजार वर्षं टिकलेलं एका रात्रीत उद्ध्वस्त व्हायचं.

अयोध्येत २००३ साली रडारने १८४ संशयास्पद जागा दाखवल्या होत्या. पुढच्या उत्खननात काही खऱ्या ठरल्या, काही नाही. रडार खूण दाखवतं. निवाडा उत्खननच करतं.

पुन्हा पवनारकडे येऊ. इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी पवनार म्हणजे वाकाटकांची राजधानी प्रवरपूर असं मत मांडलं. पुढे काही अभ्यासकांनी रामटेकजवळच्या मनसरचा दावा पुढे केला. पवनारला १९६७ साली शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी उत्खनन केलं. पण जुन्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेवर, वसलेलं नांदतं गाव उठवून कुणी खणणार नाही. अशा ठिकाणी गल्लीबोळांतून रडार फिरवणं मोलाचं आहे. मात्र पडदा कोरा राहिला म्हणून 'खाली काही नाही' असा दाखला देऊन कुणी पाया खोदू नये. काळ्या मातीतल्या कोऱ्या पडद्याचा अर्थ अनेकदा इतकाच, की लहर खाली पोहोचलीच नाही. तिथे मातीचा विद्युतरोध मोजावा, छोटा चाचणी खड्डा घ्यावा आणि मगच पायाला हात घालावा.