गिलोटिनच्या आधी बोलूया

अर्थसंकल्पाच्या दिवशी काय स्वस्त, काय महाग एवढे पाहून आपण विषय सोडून देतो. खरी लढाई त्यानंतर असते.

संविधानाच्या कलम 113 नुसार मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्या लोकसभेपुढे मतदानाला येतात. खासदार कपात प्रस्ताव मांडू शकतात. धोरणच अमान्य असेल तर मागणी 1 रुपयावर आणा, ठराविक तक्रार असेल तर 100 रुपये कमी करा, असे सुचवता येते. पण शेवटच्या दिवशी उरलेल्या सर्व मागण्या चर्चेविना एकदम मतास टाकतात. यालाच गिलोटिन म्हणतात. 2018 मध्ये तर सर्वच मागण्या अशा मंजूर झाल्या.

यात आपले काय जाते? अनुसूचित जातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात निधी राखण्याचे धोरण 1979-80 पासून आहे. 2011 च्या जनगणनेत हे प्रमाण 16.6 टक्के आहे. तेलंगणा, कर्नाटकात त्यासाठी कायदा आहे, केंद्रात नाही. केंद्राची तरतूद विवरण 10अ मध्ये योजनावार छापलेली असते. त्यात सर्वसाधारण योजनांचा हिस्साही मोजला जातो. म्हणून एकूण आकड्यावर समाधान न मानता शिष्यवृत्ती, वसतिगृहे यांना थेट किती मिळाले, हे आपण तपासले पाहिजे.

अधिवेशनाच्या मध्यंतरात संसदेच्या स्थायी समित्या या मागण्या तपासतात. आपल्या खासदाराकडे निवेदन घेऊन जायची हीच वेळ. विवरण 10अ ची प्रत सोबत नेऊया आणि प्रश्न लेखी देऊया.

जय भीम!