दांडा उजवीकडे, बोट डावीकडे

पेडल बोटीचा दांडा उजवीकडे केला आणि बोट डावीकडे निघाली, की पहिला संशय सुकाणूच्या पात्यावर जातो. पाते बहुधा निर्दोष असते. बोट पुढे जात असताना ते उजवीकडे वळले, की पाणी बोटीची मागची बाजू डावीकडे रेटते आणि तोंड उजवीकडे फिरते. घोळ असतो तो हात आणि पाते यांच्या मधल्या जोडणीत.

त्या जोडणीत दिशा किती ठिकाणी उलटते, तेवढे मोजावे. मधोमध खिळीवर फिरणारा दांडा वरून उजवीकडे ढकलला, की त्याचे खालचे टोक डावीकडे जाते. हा एक पलटा. वाटेत दोऱ्यांची अदलाबदल झाली, तर दुसरा. दोन पलटे एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून दुरुस्तीत एकच पलटा घालायचा किंवा एकच काढायचा. दोन जण दोन टोकांना पाने घेऊन बसले आणि दोघांनीही दुरुस्ती केली, तर बोट पुन्हा होती तशीच!

लोखंडी सळई असलेल्या बोटीत काम सोपे. सुकाणूच्या खांबाला आडवा जोड असतो. सळई त्याच्या एका टोकावरून काढून दुसऱ्या टोकाला बसवली, की दिशा सुलटते. होबी कंपनीच्या पेडल कयाकमध्ये मुठीपासून सुकाणूपर्यंत दोऱ्या नावेच्या पोटातून जातात. तिथे सुकाणूकडच्या टोकाला दोऱ्यांच्या जागा बदलाव्यात. आत फुली मारून काम भागते खरे, पण दोऱ्या एकमेकींवर घासून झिजतात.

उलट्या दिशेची सवय मोठ्या जहाजांनाही होती. सुकाणूचा दांडा ज्या बाजूला ढकलावा, त्याच्या विरुद्ध बाजूला जहाज वळते, आणि जुने हुकूम त्या दांड्याच्या भाषेत दिले जात. 14 एप्रिल 1912 च्या रात्री ‘टायटॅनिक’वर हुकूम सुटला तो ‘स्टारबोर्ड’चा, म्हणजे उजवीकडचा, जहाज वळवायचे होते डावीकडे, आणि वळलेही डावीकडेच. 1929 च्या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारात ही पद्धत मोडीत काढण्याचे ठरले.

पाना हाती घेण्यापूर्वी बोट पुढे चालवून पाहावे. उलटे पेडल मारून मागे जाताना पात्याचा परिणाम उलटाच होतो. तो बिघाड नव्हे. दुरुस्तीनंतर दांडा दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाते सारखे वळते का, दोरी कुठे अडते का, हे काठावरच तपासावे. पहिली फेरी कमरेएवढ्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून.