हरत्या मोसमातला गोलरक्षक

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मैदान येते, ध्यानचंद येतात. कॅनडात हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. पाते लावलेले बूट घालून दोन्ही बाजूंचे सहा-सहा खेळाडू बर्फावर धावतात. चेंडूऐवजी रबराची चकती असते, तीन इंच रुंद आणि एक इंच जाड. कसलेला खेळाडू ती ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने मारतो. सहा फूट रुंद, चार फूट उंच जाळ्यापुढे उभा राहून तिला अडवायचे काम गोलरक्षकाचे. क्षणात दोन्ही गुडघे बर्फावर टेकायचे, क्षणात उठायचे. एका सामन्यात हे किती वेळा होते याची गणती नाही. गोलरक्षकाची खरी भाकरी त्याच्या गुडघ्यांवर असते.

अशाच एका गोलरक्षकाची हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्याचे नाव केरी प्राइस.

केरीचे बालपण ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील अनाहिम लेक या आडगावी गेले. आई लिंडा प्राइस या कॅनडातील मूलनिवासींपैकी उलकाचो समाजाच्या. पुढे त्या समाजाच्या निवडून आलेल्या प्रमुख झाल्या. या मूलनिवासींची मुले घरापासून तोडून निवासी शाळांत कोंबली गेली, त्यांची भाषा आणि चालीरीती पुसण्याचा प्रयत्न झाला. त्याबद्दल कॅनडा सरकारने 2008 साली संसदेत जाहीर माफी मागितली. त्या समाजातला मुलगा देशाच्या सर्वात लाडक्या खेळात शिखरावर जातो, याचा अर्थ आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

वडील जेरी हेही गोलरक्षक. 1978 साली एका मोठ्या संघाने त्यांची निवड केली होती, पण त्या संघाकडून खेळणे काही त्यांच्या नशिबी आले नाही. सराव करता येईल असा संघ विल्यम्स लेक या गावी, म्हणजे घरापासून तीनशे किलोमीटरहून दूर. वडील पोराला गाडीतून नेत. पुढे त्यांनी एक छोटे जुने विमान घेतले आणि स्वतः चालवीत मुलाला सरावाला पोचवू लागले. आईबापाने मुलासाठी किती झिजावे याचा हा एक नमुना.

मुलाने ते वाया जाऊ दिले नाही. 2007 साली तो माँट्रियल कॅनेडियन्स या नामवंत संघात आला. 2014 साली ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळाले. 2015 साली सर्वोत्कृष्ट गोलरक्षक आणि सर्वात मौल्यवान खेळाडू या दोन्हींसह चार मोठे पुरस्कार त्याने पटकावले. त्या समारंभात त्याने मूलनिवासी तरुणांना उद्देशून सांगितले की, आपल्या समाजात पुढारी व्हा, आपल्या वारशाचा अभिमान बाळगा. त्याच वर्षी नोव्हेंबरात गुडघा दुखावला आणि तो मोसमभर बाहेर बसला. सुरुवातीचे सलग नऊ सामने जिंकलेला संघ त्याच्यामागे कोसळला. एका माणसावर किती भार होता ते तेव्हा सगळ्यांनी पाहिले.

2021 साली माँट्रियल संघ 1993 नंतर प्रथमच अंतिम फेरीत पोचला. तिथे टँपा बे संघाने त्यांना हरवले. लगेच जुलैत केरीच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. आणि ऑक्टोबरात बातमी आली की, केरी प्राइस खेळाडूंच्या मदत योजनेत स्वतःहून दाखल झाला आहे. महिन्याभराने त्याने स्वतः जाहीर केले, व्यसनातून सुटण्यासाठी आपण उपचारगृहात राहिलो होतो. गेल्या काही वर्षांत आपण अंधारात गेलो होतो आणि त्यातून बाहेर यायचे साधन हाती नव्हते.

इथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. आपल्या वस्त्यांत दारू सोडवण्यासाठी कोणी दवाखान्यात दाखल झाला, की घरचे सांगतात, "ते गावी गेलेत." दारू प्यायला तेव्हा चारचौघांत, सोडायला मात्र लपूनछपून! पाचवे शील आपण रोज म्हणतो. पण ज्याचा पाय घसरला त्याला ते पुन्हा म्हणण्यासाठी हात द्यायला आपण पुढे होतो का? लाखो लोक ज्याला ओळखतात त्या माणसाने हे उघड सांगितले. आम्हाला त्याचे हे अडवणे सर्वात मोठे वाटते.

इकडे संघाची दैना उडाली होती. पराभवामागून पराभव. फेब्रुवारीत प्रशिक्षक बदलला. गुडघा पुन्हा पुन्हा सुजत होता. मोसम संपत आला, संघ 32 संघांत तळाशी गेला, जिंकण्यासारखे काही उरले नाही. आणि 15 एप्रिल 2022 रोजी, 34 वर्षांचा केरी जाळ्यापुढे उभा राहिला.

कोणी म्हणेल, गडगंज पगार घेणाऱ्याचे काय कौतुक? प्रश्न रास्त आहे. पण उत्तरही हिशेबातच आहे. त्याचा पगार कराराने पक्का होता. घरी बसला असता तरी एक पैसा कमी झाला नसता. तो आला तो पगारासाठी नव्हे.

मग काय झाले? सिनेमात होते तसे काही झाले नाही. पहिला सामना 3-0 ने हरला. पुढचे तीनही हरला. आम्ही कारकुनी करणारी माणसे, जमाखर्च मांडायची आम्हाला सवय. चार सामने, चार पराभव. खर्चाची बाजू भरलेली, जमेची कोरी.

29 एप्रिलला मोसमाचा शेवटचा सामना होता. समोर फ्लॉरिडा पँथर्स, त्या मोसमात गुणतक्त्यात सर्वात वर असलेला संघ. तळाच्या संघाने वरच्या संघाला 10-2 असे हरवले. जाळ्यापुढे केरी होता. घरच्या प्रेक्षकांनी त्याचे नाव घेऊन छत दणाणून सोडले.

तो त्याचा अखेरचा सामना ठरला. गुडघ्याने पुढे साथ दिली नाही. त्याच्या नावावर 361 विजय जमा आहेत. माँट्रियलच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात इतके विजय दुसऱ्या कोणा गोलरक्षकाचे नाहीत. जून 2022 मध्ये चिकाटी आणि निष्ठेसाठीचा मास्टरटन पुरस्कार त्याला देण्यात आला. तो त्या पाच सामन्यांच्या मोसमासाठी होता, ज्यातले चार तो हरला होता.

आपल्या घरातही कोणी आजारातून, अपघातातून, व्यसनातून उठून पुन्हा कामाला लागलेला असेल. पहिल्या दिवशी त्याचा हात पूर्वीसारखा चालणार नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पहिल्या चार दिवसांवरून त्याचा हिशेब बंद करू नका. संध्याकाळी तो घरी आला की चहाचा कप पुढे करा आणि विचारा, "आज कसं गेलं?" आणि तो सांगेल ते ऐकून घ्या.